हात किती कापतो: शून्य ते चार

लाळ या एका शब्दावरून मोठ्या डॉक्टरांचं आणि माझं पहिल्यांदा बिनसलं.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. मी जिंतूरला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. एके दिवशी हेडमास्तरांनी तास संपल्यावर बोलावून घेतलं. त्यांच्या समोरच्या खुर्चीत साठीकडे झुकलेले एक गृहस्थ बसले होते. मेंदूच्या आणि नसांच्या आजारांचे ते मोठे डॉक्टर, दूरच्या शहरातले. हातपाय कापण्याचा जो आजार असतो, ज्यात माणूस हळूहळू लाकडासारखा आखडत जातो, त्याच्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. परदेशात या आजारासाठी एक तक्ता तयार झाला होता. रोग्याला ठरलेले प्रश्न विचारायचे, त्याच्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायच्या आणि प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे काही त्रास नाही, चार म्हणजे सगळं दुसऱ्याच्या हातात. शाळेच्या बरोबर उलटं, जितके गुण जास्त तितकी अवस्था वाईट. हा तक्ता त्यांना मराठीत आणायचा होता आणि खेड्यातल्या माणसावरही तो नीट चालतो हे दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी इंग्रजी येणारा आणि इथली बोली जाणणारा कुणीतरी हवा होता. हेडमास्तरांनी माझं नाव सांगितलं. मला त्याचा फार अभिमान वाटला, हे आधीच कबूल करतो.

भाषांतर खरं तर आधीच झालेलं होतं. कुण्या विद्वान प्राध्यापकानं ते केलं होतं आणि टाइप केलेली पानं डॉक्टरांच्या पिशवीत होती. ‘आपणांस वस्त्रपरिधान करतेवेळी परसाहाय्याची आवश्यकता भासते काय?’ ‘शय्येवर कूस पालटणे आपणांस दुष्कर झाले आहे काय?’ ‘आपल्या मुखस्रावाचे प्रमाण वाढले आहे काय?’ मी तिथंच उभ्याउभ्या तीन पानं वाचली. आजारी माणसापुढं ही भाषा कुणी धरावी? मी म्हणालो, साहेब, इथं मुखस्रावाच्या जागी लाळ लिहा. त्यांनी नाक जरा आकसलं. शब्द बरा दिसत नाही, अहवालात शोभणार नाही, असं म्हणाले. मी म्हणालो, गळते ती लाळच ना. ते हसले, पण त्या हसण्यात मला गप्प करणं होतं.

पुढच्या आठवड्यात जिंतूरच्या एका धर्मशाळेच्या ओसरीवर रोगी जमवले. मोठ्या डॉक्टरांनी त्यांचा एक मदतनीस पाठवला होता. नुकताच शिकून बाहेर पडलेला डॉक्टर. सगळे त्याला धाकटे डॉक्टर म्हणत. पहिली आली ती एक म्हातारी. तिची हनुवटी थरथरत होती आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत होता, जणू ती पैशाएवढी गोळी वळत बसली आहे. धाकट्या डॉक्टरांनी तिला वस्त्रपरिधानाचा प्रश्न वाचून दाखवला. तिनं सुनेकडं पाहिलं.

“काय म्हनायलेत गं?”

सून म्हणाली, मला बी कळना गेलंय. त्यांनी प्रश्न पुन्हा तसाच, जरा चढ्या आवाजात वाचला. म्हातारी गप्प. त्यांनी कागदावर शेरा लिहिला, मी वाकून पाहिला: आकलन मंद.

मी पुढं सरकलो आणि विचारलं, “आजी, लुगडं तुमचं तुमी नेसता का?”

“नेसते की,” ती लगेच म्हणाली. “पर कासुटा खवाया जमना गेलाय. सून खवून देती. लय लाज वाटती, बाबा.”

धाकट्या डॉक्टरांनी वस्त्रपरिधानाला दोन गुण दिले. ‘आकलन मंद’ मात्र त्यांनी खोडलं नाही. ती म्हातारी आयुष्यभर घरादाराचा कारभार हाकलेली बाई होती, हे तिच्या सुनेच्या बोलण्यातून कळत होतं. आणि एका कागदावर ती आता मंद होती. त्याच संध्याकाळी मी मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं की हा सगळा तक्ता मला नव्यानं करू द्या. त्यांनी परवानगी दिली. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

रविवारी मी तक्ता घेऊन बोरीला घरी गेलो. आई आणि बायको चुलीपाशी होत्या. मी इंग्रजीतला एकेक प्रश्न मराठीत करून सांगायचो, त्या ऐकायच्या. जेवताना सुरीनं अन्न कापता येतं का, असा एक प्रश्न होता. आई भाकरी थापता थापता थांबली.

“भाकर काय सुरीनं कापतेत व्हय रं?”

“मग कसं विचारू?”

“भाकर मोडती का इचार. कालवता येती का इचार. घास त्वांडापोत्तर जातो का मधीच सांडतो, आसं इचार. मंग मानूस सांगंल.”

बटणं लावण्याच्या प्रश्नाला बायकोनं बायकांसाठी पदर घेण्याचा प्रश्न जोडला. झोपेत कूस बदलण्याचा प्रश्न वाकळेवरच्या माणसाच्या हिशेबानं लिहिला, कारण पलंग कुणाकडं होता? चालता चालता पाय एकदम अडण्याचा जो त्रास असतो, तो आईनं माझ्याआधी ओळखला. तिच्या माहेरच्या एका म्हाताऱ्याला तो होता. “उंबऱ्यापशी आला की पाय भुईला चिटकल्यावानी व्हायचे त्येचे,” ती म्हणाली. तेच मी लिहून घेतलं. मन खिन्न असण्याचा प्रश्न प्राध्यापकानं ‘औदासीन्य’ घालून केला होता. आई म्हणाली, कशात जीव लागत न्हाई का, आसं म्हन. तेवढ्यात तव्यावरची भाकरी जराशी करपली.

त्या तीन-चार रविवारांत मला जे समाधान मिळालं ते नंतर त्या कामात कधीच मिळालं नाही. माझं मराठी आमच्या शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षकानं मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत केलं. मोठ्या डॉक्टरांनी ते मुळाशी ताडून पाहिलं. अर्थ जुळत होता. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि आता पुढची पायरी, म्हणाले.

पुढची पायरी म्हणजे पडताळा. प्रत्येक रोग्याला दोन माणसांनी, एकमेकांचा कागद न बघता, वेगवेगळं तपासायचं. एक धाकटे डॉक्टर आणि दुसरा मी. डॉक्टर नसलेल्या माणसालाही हा मराठी तक्ता वापरता येतो, हे मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी मला एक दिवस बसवून हात कसा धरायचा, बोटं कशी आपटायला लावायची, खुर्चीतून कसं उठवायचं ते शिकवलं. दोघांचे गुण जुळले तर तक्ता भरवशाचा. मग पंधरा दिवसांनी तेच रोगी पुन्हा तपासायचे, आणि तेव्हाही गुण साधारण तसेच आले तर तक्ता पक्का. इतकं साधं आणि इतकं प्रामाणिकपणावर उभं असलेलं काम.

आम्ही जिंतूरच्या आसपास फिरलो, परभणीला गेलो, पिंगळीला गेलो. धाकट्या डॉक्टरांना रोग्यांची किळस येई. ती ते लपवतही नसत. रोग्याचं मनगट दोन बोटांत धरत, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसं, आणि प्रत्येकानंतर स्पिरिटचा बोळा हातावर फिरवत. पिंगळीहून परतताना परभणीच्या एसटी स्टँडवर आम्ही उपाहारगृहात बसलो होतो. मी हात धुऊन आलो तर माझी पिशवी उघडी होती आणि माझे कागद त्यांच्या समोर पसरलेले. ते माझ्या कागदावरचे आकडे त्यांच्या कागदावर उतरवून घेत होते. एखाददुसऱ्या जागी एक कमी, एक जास्त, म्हणजे शंका नको. मला बघून ते दचकले नाहीत.

“तुमचे गुण बरोबरच असतात, सर,” ते म्हणाले. “तुम्हाला या लोकांचं कळतं. मी कशाला पुन्हा हात लावू?”

मी काय केलं? मी बसलो आणि चहा प्यालो. त्या वाक्यात जी स्तुती होती ती मला गोड लागली. ‘या लोकांचं’ हा शब्दही मी गिळला.

मग बोरीची पाळी आली. यादीत एक नाव होतं, ते मी वाचलं आणि पुढं सरकवलं. दोन वेळा पुढं सरकवलं. ते माझ्या पहिल्या शाळेतल्या गुरुजींचं होतं.

निजामाच्या राज्यात ते उर्दूत शिकले आणि उर्दूतच शिकवत. राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि गुरुजींना चाळिशीत मराठी शाळामास्तर व्हावं लागलं. मी त्यानंतर काही वर्षांनी शाळेत गेलो. आमच्या घरानं अजून धम्म स्वीकारलेला नव्हता. आम्हा चार-पाच पोरांना ते उंबऱ्याच्या बाहेर, पडवीत बसवत. माझी पाटी त्यांनी कधी हातात घेतली नाही. मी ती वर धरून उभा राहायचो आणि ते खुर्चीतून वाचायचे, नीट दिसली नाही तर आतल्या एखाद्या पोराला सांगायचे, काय लिहिलंय त्यानं बघ. मारायचं झालं तर छडी फेकून मारत. उचलून परत द्यायचीही सोय नव्हती. ती आतलं पोर येऊन उचले.

आता ते सत्तरीला आले होते. वरच्या आळीतल्या त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर बाजेवर बसले होते. चेहरा हलत नव्हता. या आजारात चेहरा असा होतो, मी तोवर कितीतरी पाहिले होते. पापण्या क्वचित मिटतात आणि माणूस काय विचार करतोय ते कळत नाही. हात दोन्ही कापत होते. त्यांची बायको, मुलगा आणि शेजारची दोन माणसं भोवती उभी होती. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं तरी चेहऱ्यावर दिसायला जागा नव्हती. मी ओळख दिली नाही.

मी प्रश्न विचारायला लागलो. माझेच शब्द, आईनं दिलेले. बहुतेक उत्तरं त्यांची बायको देत होती. परसाकडला जाण्याचा प्रश्न आला. इतर सगळ्या घरांत मी तो प्रश्न बाकीच्यांना जरा बाजूला करून, जवळ सरकून विचारत असे. तिथं मी तो मोठ्यानं विचारला. ओसरीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि सगळ्यात उघड्या शब्दांत. परसाकडला जाऊन आल्यावर कोण धुतं, असं मी विचारलं. मुलानं मान खाली घातली. बायको पुटपुटली, मीच करते समदं. मी तीन गुण लिहिले. हे लिहिताना माझ्या पोटात एक ऊब पसरली. ती कशाची होती ते मला तेव्हाच माहीत होतं.

गिळण्याच्या प्रश्नावर खरं तर पाण्याचा पेला देऊन ते कसं पितात ते बघायचं असतं. मी बघितलं नाही. घास घशात अडकतो का, एवढंच विचारलं. कधीमधी ठसका लागतो, असं त्यांची बायको म्हणाली. मी एक गुण लिहून पुढं गेलो.

मग हात धरायची वेळ आली. एका हातानं रोग्याचं कोपर धरायचं, दुसऱ्यानं मनगट, आणि त्याला हात सैल सोडायला सांगून वाकवायचा, सरळ करायचा. मी त्यांचं मनगट धरलं. कातडी थंड होती. कोपर वाकताना दातेरी चाक फिरावं तसे हिसके बसत होते. मी दोन वेळा वाकवलं. तेव्हा ते बोलले. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं.

“तू भाईर बसायचास,” ते म्हणाले.

“हो, गुरुजी.”

“पाढे मोठ्यानं म्हनायचास.”

एवढंच. ते काय म्हणू पाहत होते, त्यात पश्चात्ताप होता, कौतुक होतं की नुसती आठवण, हे मी चेहऱ्यावरून शोधलं, पण तो चेहरा तर मातीच्या मुखवट्यासारखा होता. त्याच वेळी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटली आणि माझ्या हाताच्या पाठीवर पडली. कोमट होती. धाकट्या डॉक्टरांनी लगेच स्पिरिटचा बोळा पुढं केला. आजवर मी तो कधी घेतला नव्हता. उलट त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत आलो होतो. त्या दिवशी घेतला. हात पुसला. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसला, सावकाश, बोटांच्या फटींतून, कारण गुरुजी बघत होते. डोळे तेवढे हलायचे त्यांचे. ते माझ्या हाताकडं बघत होते.

मला कशाची किळस आली ते नीट सांगतो. लाळेची नाही. तोवर मी कित्येकांची लाळ माझ्या रुमालानं पुसली होती. किळस आली ती सावकाश पुसणाऱ्या माझ्याच हाताची.

शेवटी लिहून घ्यायचं राहिलं. या आजारात अक्षर बारीक होत जातं, म्हणून रोग्याला एक ओळ लिहायला सांगतात. मी पाटी मागवली, कागदावर त्यांचा हात ठरेना. त्यांनी पेन्सिल उजव्या कडेला टेकवली आणि उर्दूत लिहायला लागले. पहिलं अक्षर बोटाएवढं होतं. डावीकडं जाता जाता अक्षरं लहान होत गेली आणि शेवटची तर मुंगीएवढी झाली. मी विचारलं काय लिहिलंत. बायकोनं कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि सांगितलं: हाजिरीचं रजिस्टर, मदरसा तहतानिया, बोरी. निजामाच्या काळी प्राथमिक शाळेच्या हजेरीपुस्तकावर ते दर वर्षी ही ओळ लिहीत असत. तक्त्यात ज्या लक्षणाचं वर्णन होतं त्याचा त्याहून स्वच्छ नमुना मी कधी पाहिला नाही.

धाकट्या डॉक्टरांनी पाटीकडं पाहिलं आणि कागदावर लिहिलं: निरक्षर, लागू नाही.

मी म्हणालो, हे निरक्षर नाहीत, यांनी तीस वर्षं शाळा चालवली.

“मराठी नाही ना,” ते म्हणाले. “आणि मला हे वाचता येत नाही. मी मोजू कसं?”

“अक्षर लहान होत गेलंय हे दिसतंय. वाचायचं कशाला आहे?”

ते म्हणाले, सर, मराठी तक्त्याचा पडताळा चाललाय, त्यात हे बसत नाही. मी माझ्या कागदावर तीन गुण लिहिले. पाटी गुरुजींच्या बाजेवर ठेवली. ती मी हातानं ठेवली आणि त्यांनी हातानं घेतली. आमच्या दोघांचाही हात त्या पाटीला लागला, हे माझ्या लक्षात आलं. त्यानं मला बरं मात्र वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या फेरीची वेळ आली. धाकटे डॉक्टर शहरात गेले होते, परस्पर बोरीला येतो म्हणाले होते. ते आले नाहीत. मी एकटाच गुरुजींच्या घरी गेलो. या वेळी पाणी पाजून बघायचं, असं मी ठरवलं होतं. दोन-चार गोष्टी मोकळेपणानं बोलाव्यात असंही मनात होतं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येत नाही.

बाज भिंतीला उभी केलेली होती. ओसरीवर माणसं बसली होती. गुरुजी जाऊन पाच दिवस झाले होते. मी पायरीवर उभा राहिलो. त्यांच्या बायकोनं मला पाहिलं आणि बाहेर आली. कपाळ मोकळं होतं. मी विचारलं, कसं झालं काकू.

“घास आडकला,” ती म्हणाली. “भाकर लय बारीक कालवून दिली व्हती. तरी आडकला. पाठीत मारलं, पानी पाजलं. डोळे फिरवले त्येंनी.”

माझ्या पिशवीत माझा कागद होता. त्यावर गिळण्यापुढं एक लिहिलेलं होतं. मी ओसरीच्या कडेला बसलो. मी तिला काही सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती अवघडून म्हणाली, “जरा खाली उतरून बसता का? भटजी यायलेत.”

मी उतरलो. कुणी ओरडलं नाही, कुणी अपमान केला नाही. ती बाई पाच दिवसांची विधवा होती आणि तिच्या आवाजात विनंती होती. पण माझ्या मनात तिच्याविषयी, त्या मेलेल्या माणसाविषयी जी माया दाटून आली होती ती दुधात मीठ पडावं तशी नासली. मी घरी न जाता तसाच जिंतूरची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी परभणीला गेलो. मोठे डॉक्टर तिथं एका ओळखीच्या घरी उतरले होते आणि सगळे कागद जमा करत होते. धाकटे डॉक्टरही होते. मी पिशवीतले माझे कागद देऊन टाकले. टेबलावर दोन गठ्ठे होते, पहिल्या फेरीचा आणि दुसऱ्या फेरीचा. धाकटे डॉक्टर बोरीला आलेच नव्हते, तरी दुसऱ्या फेरीचा गठ्ठा पूर्ण होता. मी तो उचलला आणि चाळला. बोरीच्या कागदांत गुरुजींचा कागद होता. आदल्या दिवशीची तारीख. हात कापणे, तीन. चालणे, दोन. गिळणे, एक. मन, दोन. खाली धाकट्या डॉक्टरांची सही.

मी तो कागद मोठ्या डॉक्टरांपुढं ठेवला आणि सांगितलं की हा माणूस या तारखेला जिवंत नव्हता.

त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, धाकट्याकडं एकदा पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, ओरडेल, गठ्ठा फेकेल. त्यांनी कागद गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवला.

“हा काढून टाकू,” ते म्हणाले.

मी म्हणालो, बाकीचे?

“बाकीच्यांत कुणी गेलंय का?”

मी म्हणालो, प्रश्न तो नाही. हे धाकटे डॉक्टर दुसऱ्या फेरीला कुठंही गेलेले नाहीत. पहिल्या फेरीतही त्यांनी माझेच आकडे उतरवले आहेत. दोघांचे गुण जुळतात असं जे तुम्ही दाखवणार, ते माझे गुण माझ्याशीच जुळताहेत. हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी बोललो नाही, हेही मी सांगून टाकलं.

मोठ्या डॉक्टरांनी पेनाला टोपण घातलं. मग समजावणीच्या सुरात बोलू लागले. तक्ता चांगला आहे, भाषांतर उत्तम आहे, ते तुम्हीच केलंय. पुन्हा सगळं करायचं तर वर्ष जाईल. आकडे थोडे इकडंतिकडं झाले म्हणून रोग बदलत नाही. आणि या भागात पुन्हा कोण येणार आहे पडताळायला? ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, वाईट हेतूनं नाही. त्यांना ते खरंच वाटत होतं. मला त्या सहजपणाची शिसारी आली. खोटेपणा करताना माणूस निदान घाबरलेला असावा.

मी माझे कागद परत मागितले. ते म्हणाले, कागद संशोधनाचे आहेत, देता येणार नाहीत. मग मी खुर्ची ओढून बसलो, पहिल्या फेरीचा माझा गठ्ठा पुढं घेतला आणि प्रत्येक कागदावरची माझी सही खोडायला सुरुवात केली. वेळ लागला. धाकटे डॉक्टर म्हणाले, काय पोरकटपणा आहे हा. मोठ्यांनी त्यांना हातानं थांबवलं. कदाचित त्यांना ठाऊक होतं की सह्या खोडल्यानं काही अडत नाही. गुरुजींचा कागद आला तेव्हा मी थांबलो. मग तिथली सही तशीच राहू दिली. त्यातला परसाकडचा प्रश्न मी विचारला होता, गिळण्याचा एक मीच दिला होता. ते नाकारायची मला सोय नव्हती.

अहवाल यथावकाश छापला गेला. एका ओळखीच्या डॉक्टरानं मला ते सांगितलं. त्यात गुण फार छान जुळले होते म्हणे. मी तो मागवून पाहिला नाही.

परभणीच्या त्या दिवसानंतर महिन्या-दोन महिन्यांनी एक बाई शाळेत मला शोधत आली. पिंगळीची होती. तिच्या नवऱ्याला आम्ही तपासलं होतं. मला चेहरा आठवला नाही. तिनं दोन गाड्या बदलल्या होत्या. हेडमास्तरांनी तिला व्हरांड्यात बसवलं. ती म्हणाली, धाकट्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की समदी इचारपूस झाली की बाहेरदेशातली गोळी मिळंल, हात थांबतो त्या गोळीनं. ती गोळी कधी येनार?

मला या गोळीचं कुणी बोललं नव्हतं. पण लोक इतक्या निमूटपणानं सगळं कसं सांगत होते, परसाकडचं, कासोट्याचं, लाळेचं, ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या शब्दांमुळं ते मोकळे होतात, असं मी समजत होतो.

मी तिला सांगितलं की गोळी येणार नाही, ते डॉक्टरही येणार नाहीत. खोटा धीर दिला नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“मंग येवढं समदं कामून इचारून घेतलं?” ती म्हणाली.

तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला संशोधन म्हणजे काय ते सांगू लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला थांबलो. शिपायानं पाणी आणून दिलं, ते ती प्याली. परभणीची गाडी कधी आहे, हे विचारून घेतलं. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला निघालो, तर नको म्हणाली, वाट ठाऊक हाय. मी फाटकाशी उभा राहून ती वळेपर्यंत बघत राहिलो. मग घंटा झाली आणि मी वर्गात गेलो.